मदत हवी आहे : आजोबांची दुनळी चकचकीत करावी की तशीच ठेवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक वडिलांमागे माझ्याकडे आली. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झालाय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

प्रश्न गंजाचा आहे. निवडणुकीत ठाण्यात जमा केली होती, ती पावसाळा काढून परत आली. नळ्यांवर लालसर ठिपके आहेत. दस्ता अक्रोडाचा. आजोबांचा गाल जिथे टेकायचा तिथे लाकूड काळपट, गुळगुळीत झालंय. घोड्यांजवळ बारीक वेलबुट्टी आहे, ती आधीच अर्धी झिजलेली.

धाकटा भाऊ म्हणतो, पूर्ण घासून नवं ब्लूइंग (नळ्यांच्या पोलादावर चढवतात तो निळसर-काळा थर) करून घेऊ, दस्त्याला पॉलिश मारू, दिवाणखान्यात शोभेल. (शोभेला लावायची म्हणजे कुलूपबंद ठेवायची नाही का, हा वेगळाच वाद!) आजी एवढंच म्हणते, "तिले हात नको लाऊ."

मी वाचलं की दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींना झाळून (डाख देऊन) जोडलेल्या असतात आणि गरम क्षारांच्या ब्लूइंगमध्ये ती झाळ सुटू शकते. घासताना बंदुकीवर कोरलेला क्रमांक पुसट झाला तर शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे गुन्हाच. म्हणून माझा कल फक्त तेल लावून मऊ कापडाने गंज थांबवण्याकडे आणि दस्त्याला जवसाचं तेल देण्याकडे आहे.

जळगाव-धुळ्याकडे जुन्या दुनळीचं काम केलेला परवानाधारक कारागीर कुणाला माहीत आहे का? आणि एकदा घासून घेतल्यावर कुणाला पस्तावा झालाय का?