ऑनलाइन तासाला येणारा थकवा कसा आवरावा?

प्रश्न: मी ऑनलाइन गणित शिकवते. ४० मिनिटांनंतर मुले तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतात आणि साधी वजाबाकीही चुकते. हा थकवा वेळीच ओळखता येईल असे काही साधन आहे का?

उत्तर १: पोमोडोरो टायमर लावून २५ मिनिटे अभ्यास व ५ मिनिटे विश्रांती द्यावी. मात्र त्या विश्रांतीत मोबाइल हाती आला, तर डोळ्यांना विसावा मिळतच नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत हे मी रोज पाहतो.

उत्तर २: पापण्यांची उघडझाप कॅमेऱ्याने टिपून पेंग ओळखणाऱ्या प्रणाली आहेत, परंतु मुलांवर सतत कॅमेरा रोखणे मला अजिबात पटत नाही, त्यापेक्षा प्रत्येक सत्रानंतर ‘किती थकलात?’ एवढेच फॉर्ममधून विचारावे.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. उद्यापासून फॉर्म देते.