श्लायरमाखर खरंच फक्त भावनेचा धर्म सांगतात का?

प्रश्न (शरणपूर रोड, नाशिक): आमच्या अभ्यासगटात जर्मन धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखर यांचा 'ख्रिस्ती श्रद्धा' हा ग्रंथ घेतोय. कलम ४ मधल्या 'गेफ्यूल' या जर्मन शब्दाला 'भावना' म्हटलं की चर्चा भक्तिरसात घुसते. नवे अभ्यासक हे वाचन चूक का मानतात?

उत्तर १: घोळ शब्दातच आहे. कलम ३ मध्ये ते स्वतः गेफ्यूलची फोड 'प्रत्यक्ष आत्मभान' अशी करतात; ज्ञान आणि कृती या दोन्हींच्या मुळाशी असलेलं. रडू येणं, गहिवरणं नव्हे. कलम ४ मधल्या गेफ्यूलच्या वर्णनासाठी 'निरपेक्ष अवलंबन' हा अनुवाद तर टाळाच, मराठीत 'निरपेक्ष' म्हणजे अपेक्षा न ठेवणारा! 'सर्वस्वी अवलंबून असल्याचं भान' चालेल. तत्त्वज्ञ हेगेलनी १८२२ मध्ये टोमणा मारला होता, धर्म म्हणजे नुसती अवलंबनाची भावना असेल, तर मग कुत्राच उत्तम ख्रिस्ती ठरेल. पण कुत्र्याला असं आत्मभान कुठून?

उत्तर २: ताई, आवृत्ती कोणती? १८२१-२२ची पहिली आणि १८३०-३१ची दुसरी यांत प्रस्तावना बरीच बदलली आहे, कलमांचे आकडे जुळत नाहीत. झेरॉक्स काढण्याआधी तपासा.
दुसरी चूक म्हणजे प्रस्तावनेलाच (कलम ३-४ तिथलीच) गाभा समजणं. तिथली विधानं नीतिशास्त्र वगैरेंतून उसनी घेतलेली आहेत. धर्मशास्त्रज्ञ मित्र ल्युके यांना १८२९ मध्ये लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ग्रंथाच्या भागांचा क्रम उलटा करण्याचा विचारही मांडला होता. त्यामुळे कलम ३-४ नंतर थेट ११, मग ९३-९४, १००-१०१ घ्या. तारण येशूशी कसं बांधलंय ते तिथे दिसतं. शेवटी त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा), १७०-१७२.

प्रश्नकर्ती: दुसरीच आहे. शनिवारी ११ पासून धरते.