गावाकडच्या जुन्या घरात १४ पाहुणे, दोन रात्री: पाणी, झोपणं, जेवण कसं बसवू?

माजघर:
नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीपासून थोडं आत आमचं जुनं कौलारू घर आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, दोन खोल्या, वर माळा, मागं परसू. वर्षातला बराच काळ बंद असतं, चुलते अधूनमधून उघडून झाडून घेतात. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी पुण्याहून मित्रमंडळी येणार आहेत: १० मोठे, ४ मुलं. मोठ्यांतले तिघं शाकाहारी. शुक्रवारी येतील आणि रविवारी दुपारी निघतील.

घरात काय आहे ते सांगतो. विहीर आणि तिच्यावर मोटर, हजार लिटरची एक टाकी, दोन संडास (एक घरात, एक परसात), एक न्हाणी, तांब्याचा बंब, चूल आणि एक गॅस. लाईटचं वायरिंग आजोबांच्या वेळचं, लाकडी पट्टीवरचं. जमीन दोन खोल्यांत शहाबादी, बाकी सारवलेली.

रिसॉर्ट करायचं नाही. घर आहे तसंच त्यांना दाखवायचंय, पण कुणाची आबाळ नको. आधी काय बघू, आणि कुठं हमखास घोटाळा होतो?

मुधाळतिट्टा:
जेवणाची काळजी सगळे करतात आणि अडतं मात्र सकाळी सहा ते नऊमध्ये. १४ माणसं, दोन संडास, एक न्हाणी. तेवढे तीन तास नीट बसवले की बाकी सगळं आपोआप जमतं.

पाण्याचा हिशोब बघा. आंघोळीला माणशी २० लिटरची बादली, म्हणजे २८०. संडासला एका वेळेला ८ लिटर धरलं आणि दिवसातून तीनदा, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. भांडी २००, हात-तोंड धुणं दीडशे, पिणं-स्वयंपाक ८०-९०. एकूण हजाराच्या वर जातं. तुमची टाकी एका दिवसाचीच आहे, आणि तीही कुणी नळ चालू ठेवला नाही तर. २०० लिटरची दोन पिंपं आणून एक न्हाणीत, एक परसातल्या संडासाजवळ भरून ठेवा. टाकी आतून घासून आठवडाभर आधी धुऊन घ्या. तळाचा गाळ तसाच राहिला तर पाण्याचा उपसा वाढल्यावर तो ढवळून थेट नळाला येतो.

विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायची तर अंदाजानं टाकू नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा आणि ०.७८५ नं गुणा. येतील तेवढे घनमीटर, म्हणजे तेवढे हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, नवी पावडर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटर होतात, त्याला ७० ग्रॅम पुरते. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घाला आणि ५-१० मिनिटं निवळू द्या. चुन्याचा साका खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरानं पाण्याखाली सोडा आणि वर-खाली हिसके देऊन पाणी ढवळा. साका विहिरीत ओतू नका, पाणी जड होतं. त्यानंतर किमान तासभर पाणी उपसू नका. पावडरीचा डबा उघडा पडलेला असेल तर तिचा जोर गेलेला असतो, नवीच आणा. पिण्यासाठी मात्र २० लिटरचे ४-५ जार मागवा. पुण्याच्या पोटांना विहिरीच्या पाण्याची सवय नसते आणि सोबत मुलं आहेत.

संडास: बंद घरात भांड्याखालच्या वळणातलं पाणी आटतं आणि टाकीचा वास वर येतो. दोन्हीकडं एकेक बादली ओतली की वास थांबतो. शोषखड्डा भरत आलाय का ते बघायला लागोपाठ ५-६ बादल्या भरभर ओता. पाणी भांड्यात चढून हळूहळू उतरलं तर खड्डा तुंबलाय, तेव्हाच उपसून घ्या. शनिवारी सकाळी कळून काही उपयोग नाही. अॅसिडचा मारा करू नका, टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. दोन्ही संडासांत झाकणाची कचरापेटी आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. पॅड भांड्यात गेलं की दुरुस्ती दोन दिवसांत होत नाही. परसातल्या वाटेवर रात्रभर एक दिवा जळू दे.

वायरिंगवर गिझर, इंडक्शन, पाण्याचा रॉड, इस्त्री यातलं काहीही लावू नका. रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढतो, आणि लाकडी पट्टीवरची जुनी सर्किटं पाच अँपिअरच्या हिशोबानं केलेली असतात. शिवाय किटकॅट फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तार घातलेली असते. मग फ्यूज उडत नाही, वायर तापते, आणि ती माळ्याच्या लाकडाला चिकटून गेलेली असते. वायरमनकडून फ्यूजची तार बदलून घ्या, मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. दिवे, पंखे, मोबाईल, मिक्सर एवढ्यावर घर व्यवस्थित चालतं.

घोंगडी:
झोपण्याचं थोडक्यात. गाद्या-उशा गारगोटीतल्या मंडपवाल्याकडून भाड्यानं मिळतील. गुरुवारी आणून दुपारभर उन्हात टाका. सारवण बुधवारीच उरका आणि दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ओल राहिली तर खालून गादी कुबट होते आणि रात्रभर शिंका येतात. आधी ताडपत्री किंवा जाजम, त्यावर सतरंजी, मग गादी. पहाटे थंडी मजबूत असते, माणशी एक रग आणि एक चादर धरा. माळ्यावर कुणालाही झोपवू नका, फळ्या आतून वाळवीनं खाल्लेल्या असतील तर वरून कळत नाही.

प्रत्येक गादीला मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. डास हे अर्धंच कारण. मण्यार रात्री उंदरामागं घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश दुखत नाही म्हणून कळत नाही. थंडीत साप कमी फिरतात, पण बंद घराचा भरवसा धरू नये. जळणाचा ढीग भिंतीपासून दूर हलवा, बूट सकाळी झटकूनच घाला. काही झालंच तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही. अंगठ्या-कडी काढा, हात-पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे का, हे आधीच विचारून ठेवा. तांबड्या विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रूढ केलेलं प्राझोसिन देतात, पण तेही डॉक्टरांनीच.

आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेत माणूस जातो.

माजघर:
फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. मोटर शेतीच्या मीटरवर आहे, थ्री फेज. आणि बंब भरून बघितला तर तोटीजवळ झिरपतोय.

मुधाळतिट्टा:
मग तुमची खरी अडचण मोटरीची आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्याची पाळी शेजारच्या शेतकऱ्याला किंवा वायरमनला विचारा. रात्रपाळी असेल तर टाकी आणि पिंपं रात्री भरून घ्यायला गावातला एक माणूस ठरवा, पाहुण्यांसोबत गप्पा मारता मारता ते होत नाही. अर्धा एचपीची सिंगल फेज मोटर घरच्या मीटरवर बसवता आली तर कायमचा प्रश्न मिटेल, मात्र वायर मीटरपासून वेगळी ओढा.

बंबाला डाख लावून घ्या आणि पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नका, कोरडा तापला की डाख वितळतो. गार पाणी ९० अंशांपर्यंत तापवलं तर एका बादलीला सहा लिटर कढत पाणी पुरतं. २५ लिटरचा बंब चार जणांचं भागवतो, मग पुन्हा तापायला अर्धा तास. म्हणून चुलीवर ३० लिटरचं पातेलंही चढवा आणि साडेपाचला दोन्हीकडं जाळ घाला. मुलांच्या आंघोळी दुपारी उन्हात उरका, म्हणजे सकाळच्या रांगेतले चौघं कमी झाले.

तवाभाकरी:
जेवणाचं मी सांगते. तांबडा-पांढरा शनिवारी रात्री करा, रविवारी दुपारी नको. जड जेवून पाच तास गाडी चालवायला लावू नये. फक्त लहान गावात शनिवारी बकरं पडतंच असं नाही, बुधवार-शुक्रवार-रविवार हे तिथले वार. वाटा हवाय म्हणून आधी सांगून ठेवा किंवा शनिवारी सकाळी गारगोटीतून आणा. संकष्टी-एकादशी येते का तेही कॅलेंडरात बघा, नाहीतर निम्मं ताट तसंच राहील.

खाणारे सात मोठे आणि चार मुलं, अडीच किलो मटण पुरे, त्यात नळ्या आणि हाडं मागून घ्या. आलं-लसूण, मीठ आणि सहा लिटर पाणी घालून चुलीवर शिजवा. बोकड कोवळं असेल तर पाऊण तास, जून असेल तर सव्वा तास. हळद इथं घालू नका, घातली तर पांढरा पिवळा होतो. हळदीचं काम तांबड्यात करा. शिजलं की मुलांसाठी थोडं अळणी (मटण शिजलेलं पाणी) बाजूला काढा, मग पाणी दोन भागांत वाटा.

पांढऱ्याला ५० ग्रॅम काजू, ४० ग्रॅम खसखस, ४० ग्रॅम पांढरे तीळ भिजवून गंधासारखं वाटा. खसखस दोन तास भिजली नाही तर कणी राहते. तुपावर लवंग, वेलदोडा, दालचिनी, मिरी, त्यावर वाटण, मग अळणी पाणी. दोन नारळांचं दूध सगळ्यात शेवटी. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, जाळ ओढून घ्यायचा आणि पळी फिरवत राहायची. चुलीवर हीच चूक होते, गॅससारखा जाळ पटकन कमी होत नाही आणि रस्सा फाटतो. म्हणून पांढरा गॅसवर, तांबडा चुलीवर.

तांबड्याला अर्धा किलो कांदा, २०० ग्रॅम सुकं खोबरं, १०० ग्रॅम लसूण भाजून वाटा. २५० मिली तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता. कांदा-लसूण चटणी १२०-१५० ग्रॅम, तीही जाळ ओढून मगच, नाहीतर करपून काळी आणि कडू होते. पाणी कढतच घाला. गार पाण्यानं कट वर येत नाही.

तिघांना अख्खा मसूर करा, पाव किलो भरपूर होतो, आणि भरली वांगी. त्यांची पळी-पातेलं वेगळं ठेवा आणि त्यांचं आधी शिजवून घ्या. घरातली पितळी-तांब्याची भांडी कल्हई गेलेली असतील तर त्यात काही शिजवू नका, विशेषतः टोमॅटो-चिंचेचं. पदार्थ कळकतो. दोन मोठी स्टीलची पातेली मंडपवाल्याकडूनच घ्या.

भाकरी ३०-३५ लागतील. एक किलो शाळूच्या पिठाच्या ९-१० होतात, म्हणजे साडेतीन किलो. पीठ त्याच आठवड्यात दळलेलं हवं, विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की भाकरी थापताना चिरते. एका तव्यावर एवढ्या भाकरींना सव्वा तास जातो, म्हणून गावातल्या दोघी मावशींना रीतसर पैसे देऊन बोलवा, भांडी घासण्यासकट. भाताला आजरा घनसाळ एक किलो, बोटभर पाणी कमी घाला, गिच्च होतो. शुक्रवारी रात्री प्रवासातून आल्यावर पिठलं-भाकरी आणि ठेचा एवढंच. सकाळी पोहे, माणशी ७५ ग्रॅम. रविवारी दुपारी आमटी-भात आणि भाजी-भाकरी, दह्यासोबत.

काकवी:
जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात, ते नक्की दाखवा. भल्या सकाळी गुळव्याला (गूळ करणाऱ्याला) फोन करून आदण (काहिलीतला उकळता रस) कधी उतरणार ते विचारा आणि अर्धा तास आधी पोहोचा. त्याआधी नुसती वाफ दिसते. काहिल उतरायच्या वेळी फेस बदलतो, मोठे बुडबुडे बसून घट्ट, पिवळसर बुडबुडे येतात, गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो, आणि चौघं मिळून काहिल वाफ्यात ओततात. तेवढी पाच मिनिटं मुलांचे हात धरून लांब उभं राहायचं, उकळता पाक अंगावर उडाला तर कातडी सोलून निघते. काकवीसाठी काचेची कोरडी बरणी न्या.

दुपारनंतर भुदरगड किल्ला करा, गाडी बरीच वर जाते, वर तळं आहे, मुलंही चालतील. पाटगाव त्या दिवशी जमवू नका, दोन्ही धरले तर स्वयंपाकाला उशीर होतो.

शेकोटी पेटवण्याआधी वर झाडाला आणि घराच्या कडेला आग्या मोहोळ आहे का ते उजेडातच बघा. धूर गेला की माश्या उठतात.

पुण्याहून दुपारी १२ च्या आत निघायला सांगा. हंगामात अंधार पडला की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात, आणि मुधाळ तिट्ट्यापुढं तर वळणं आहेत. शेवटच्या वळणाचा फोटो आणि लोकेशन आधीच पाठवा, आत रेंज जाते.

मुधाळतिट्टा:
निघताना करायचं तेही लिहून ठेवतो, कारण पुढच्या खेपेची निम्मी कामं तिथंच ठरतात. बंब पूर्ण उपडा करून वाळवा, आत पाणी राहिलं की हिरवट थर धरतो. टाकी रिकामी करा, मेन स्विच बंद. चुलीतली राख गार झाल्याची खात्री करून बाहेर काढा. खरकटं आणि पिठाचे डबे घरात ठेवू नका, त्यावर उंदीर येतात आणि उंदरामागून साप. संडासाच्या भांड्यांत एकेक बादली ओतून वर झाकण घाला. चुलत्यांना महिन्यातून एकदा तेवढं पाणी ओतायला सांगा.

माजघर:
वायरमन उद्या येतोय, शोषखड्ड्याची बादली-चाचणी आज संध्याकाळी करतो. विहिरीचा व्यास मोजून इथंच टाकतो, पावडरीचा हिशोब बरोबर आला का ते एकदा बघा.