आठ दिवसांत धूसर दिसतंय म्हणून घाबरू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की चष्म्याचा नंबर घालवायचं पीआरके हे लेसर ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले तरी धूसर दिसतंय आणि मैत्रिणीला मात्र लॅसिक या दुसऱ्या प्रकारच्या लेसर ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसायला लागलं. अहो पण दोन्हीत फरक आहे ना! लॅसिकमध्ये बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून लेसर मारतात आणि परत जागेवर बसवतात, पीआरकेत वरचा थरच काढतात, तो नव्याने यायला तीन ते पाच दिवस जातात आणि नंतर तो गुळगुळीत होईपर्यंत नजर कमीजास्त होत राहते, पक्की बसायला कधी एक कधी तीन महिनेसुद्धा लागतात.

माझं पण पीआरकेच. दहाव्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलो तर चौपाटीवरच्या प्रत्येक दिव्याभोवती कापसासारखं वलय, भेळेच्या गाडीवरचा बोर्ड दोन-दोन दिसायचा, पोटात गोळाच आला. दोन महिन्यांनी त्याच कट्ट्यावर बसून पलीकडच्या काठावरची झाडं चष्म्याशिवाय मोजली, डोळ्यात पाणीच आलं बघा.

कोरडेपणा मात्र जास्त दिवस टिकतो, कारण बुबुळाच्या बारीक नसा परत वाढायला वेळ लागतो, त्यामुळे डोळे ओले ठेवणारे ड्रॉप्स बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. आणि कळकळीने सांगतो, डोळे अजिबात चोळू नका, पोहायला आणि जोतिबाच्या गुलालात डॉक्टर हो म्हणेपर्यंत जाऊच नका. दुखणं वाढलं, लाल झालं किंवा नजर एकदम कमी झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.