भीमबेटका: नजर कमी झालेल्या वडिलांना चित्रं नीट दाखवायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात बाबांना भीमबेटक्याला, म्हणजे भोपाळजवळच्या आदिमानवाच्या चित्रांच्या खडकांकडे, न्यायचं ठरतंय. आम्ही पुण्याहून तिघं निघू: बाबा, मी आणि माझी सातवीतली लेक. बाबा ७६ वर्षांचे आहेत, निवृत्त चित्रकला शिक्षक. गुडघे वयाच्या मानाने बरे आहेत, रोज सकाळी तळजाईला फिरून येतात. प्रश्न डोळ्यांचा आहे. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे नेमकं बघावं तेच धूसर होतं. उन्हातून सावलीत आलं की नजर बसायला बराच वेळ लागतो. डॉक्टरांची प्रवासाला हरकत नाही, पण फार लांबवू नका असंही ते म्हणाले.

ही चित्रं बाबांना पुस्तकांतून पाठ आहेत. शाळेत ते मुलांना गेरू आणि चुना कालवून द्यायचे आणि काडीने, बोटाने तशीच हरणं, गवे काढायला लावायचे. पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांना १९५७ साली आगगाडीतून जाताना हे खडक दिसले आणि ते वाट वाकडी करून तिथे पोचले, ही हकीकत आता माझ्या लेकीलाही तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष जाणं मात्र आधी नोकरीमुळे, मग आईच्या आजारपणामुळे राहूनच गेलं.

सहल कंपन्यांकडे चौकशी केली. सगळ्यांचा बेत एकच: सकाळी सांची, दुपारी भीमबेटका, येताना भोजपूर. एवढ्या घाईत बाबांना काहीही दिसणार नाही. मला ठिकाणांची संख्या वाढवायची नाही. त्यांनी चार चित्रं पाहिली तरी चालेल, पण ती मनासारखी पाहिलेली हवीत.

तर जाणकारांनी सांगावं: चित्रं कठड्यापासून किती लांब आहेत? दुर्बीण उपयोगी पडेल का? कुठल्या वेळी उजेड बरा असतो? वाट कशी आहे, कार्ल्यासारखा पायऱ्यांचा चढ आहे का? आणि एकाच दिवशी सगळं करण्यापेक्षा दोन सकाळी जावं का?

प्रतिसाद

दोन सकाळी जा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आधी वाटेचं सांगते. गाडी टेकडीवर जवळजवळ पहिल्या खडकापर्यंत जाते. पुढची पायवाट बांधलेली आहे, थोडे चढउतार आणि पायऱ्या आहेत, पण कार्ल्यासारखी चढण नाही. या टेकड्यांवर ७००हून अधिक शैलाश्रय (खडकांखालचे नैसर्गिक आडोसे) आहेत, पर्यटकांसाठी त्यातले पंधराएक खुले आहेत. तुम्ही त्यातले तीनच धरा.

पहिला क्रमांक ३, ज्याला ऑडिटोरियम म्हणतात. भाजे-कार्ल्याचा बेसॉल्ट माणसाने छिन्नीने कोरलाय. इथला विंध्याचा वालुकाश्म ऊन, वारा, पावसाने झिजून त्याचे आपोआप छज्जे, कमानी आणि आरपार दालनं झाली आहेत. ऑडिटोरियमचा प्रचंड आकार समजायला बारीक नजर लागत नाही, त्यामुळे बाबांना सुरुवात इथूनच करू द्या. भिंतीवर माणसाने ठोकून केलेले वाटीसारखे खळगेही आहेत आणि ते चित्रांपेक्षा कितीतरी जुने मानले जातात. या गुहेच्या छतावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी २०२१ साली गाजली होती. २०२३ मध्ये तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष असल्याचं सिद्ध झालं. एखादा गाईड अजून जीवाश्मच सांगेल, लेकीला आधीच सांगून ठेवा.

दुसरा क्रमांक ४, झू रॉक. माझ्या मते तुमचा मुख्य मुक्काम इथे हवा. एकाच भिंतीवर पांढऱ्या आणि लाल रंगात प्राण्यांवर प्राणी काढलेत, वेगवेगळ्या काळातल्या हातांनी, आधीचं न पुसता. जुनी शिकारचित्रं आहेत आणि फार नंतरची घोडेस्वारांची मिरवणूकही आहे. चित्रकाराला इथून हलवणं कठीण आहे. जरा बाजूला बसून सावलीला डोळे सरावू द्यायचे आणि मग बघायचं.

तिसरा क्रमांक १५, शिंगं असलेल्या अजस्र डुकराचा. ते चित्र उंचावर आहे, मान वर करूनच बघावं लागतं. दुर्बिणीचा खरा उपयोग इथे. घेताना जवळचं नीट दिसणारी घ्या, बऱ्याच दुर्बिणी पाच-सहा मीटरच्या आतलं धूसर दाखवतात.

प्रतिसाद

वरच्या सगळ्या मुद्द्यांशी सहमत. त्यात एक भर. पुरातत्त्वातले लोक फिकट शैलचित्रांच्या फोटोंवर डीस्ट्रेच नावाची संगणकप्रणाली वापरतात. लाल-पिवळ्या छटांतला डोळ्याला जाणवत नाही असा फरक ती ताणून ठळक करते. पहिल्या सकाळी फ्लॅश न वापरता भरपूर फोटो काढा, रात्री मुक्कामावर ते ठळक करून मोठ्या टॅबवर बाबांना दाखवा. डुकराचं शिंग कुठे, माणूस कुठे हे एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी खडकासमोर उभं राहिल्यावर कडेच्या नजरेलाही ते सापडतं. माझ्या काकूंना असाच आजार आहे. चित्रात कुठे काय आहे ते आधी माहीत असलं तर त्यांना कितीतरी जास्त दिसतं.

आणि निघण्याआधी एकदा येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय बघून घ्या. भीमबेटक्याचं १९७०च्या दशकातलं महत्त्वाचं उत्खनन याच संस्थेच्या डॉ. वीरेंद्रनाथ मिश्रांनी केलं. दगडी हत्यारं तिथे काचेआड जवळून बघता येतात.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत दोघांनी! फोटो आधी आणि खडक नंतर, हे मला सुचलंच नसतं. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच लेकीला कामाला लावलंय: प्रत्येक खडकाचं रेखाटन वहीत तिने करायचं आणि ते सांगतील तिथे दुरुस्त करायचं. डेक्कन कॉलेजला या आठवड्यातच जातोय.

आता उरला मुक्काम. भोपाळात राहावं की जवळपास? शिवाय जायला झेलम एक्स्प्रेस बरी की मुंबईहून विमान? बाबांचा हट्ट रेल्वेचा आहे.

प्रतिसाद

मी भोपाळकर मराठी. रेल्वेच घ्या, बाबांचं बरोबर आहे. इटारसी ओलांडून नर्मदा पार केली की भोपाळच्या आधी याच विंध्याच्या डोंगरांतून गाडी जाते. त्यांना खिडकी द्या.

मुक्काम भोपाळातच सोयीचा, खाणंपिणं आणि डॉक्टर हाताशी. भीमबेटका तिथून साधारण ४५ किलोमीटर, नर्मदापुरमच्या हमरस्त्याने. दोन्ही दिवसांसाठी एकच टॅक्सी ठरवा आणि "थांबावं लागेल" हे चालकाला आधीच सांगा, नाहीतर तो दर अर्ध्या तासाने फोन करतो. डिसेंबरात सकाळी बोचरी थंडी असते, कानटोपी ठेवा. शनिवार-रविवार टाळा, सहलींची फार गर्दी होते. खडकांच्या छज्ज्यांखाली आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर-सेंट लावू नका आणि लेकीला मोठ्याने ओरडू देऊ नका.

दुपारी शामला हिल्सवरच्या मानव संग्रहालयात जाता येईल. त्याच्या आवारातही रंगवलेले शैलाश्रय आहेत आणि तिथे घाई करणारं कुणी नसतं. फक्त सोमवारी ते बंद असतं, त्यामुळे पुण्याहून निघायचा वार त्या हिशेबाने ठरवा.