अडचण पायांत नाही, पोटात आहे
तुम्ही लिहिलंय की मॅरेथॉनच्या तयारीतल्या लाँग रनला, म्हणजे सरावाच्या लांब पल्ल्याच्या धावण्याला, फक्त पाणी पिता आणि २६-२८ किमीला पाय एकदम जड होतात. अहो, शरीरातलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, जेमतेम दीड-दोन तास जोरात पळण्यापुरतं असतं आणि आपल्यासारख्या नवीन लोकांना मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीला पाच तास सहज लागतात, मग मधे काही खाल्लं नाही तर भागणार कसं? तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज (कर्बोदकं) हवेत, एका एनर्जी जेलमध्ये, म्हणजे पळताना चोखायच्या गोड पाकिटात, साधारण २०-२५ असतात, म्हणून भूक लागायची वाट न बघता पहिल्या ४० मिनिटांतच सुरू करा. मला जेल सोसत नाही, मी बिया काढलेले खजूर चिमूटभर मीठ लावून छोट्या पिशवीत ठेवते, मिनिटभर चालत नीट चावते आणि वर दोन घोट पाणी. पण जे खाणार ते आधी तीन-चार लाँग रनला खाऊन बघा हं, रेसच्या दिवशी नवीन काहीच नको. नुसतं पाणीही भसाभस पिऊ नका, रक्तातलं सोडियम (मीठ) उतरलं तर जिवावर बेततं. मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो, तोवर ऊनही चढलेलं असतं, म्हणून तिथवर ताकद उरायला हवी. आणि लाँग रन सावकाशच, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या पेसने (वेगाने).