प्रतिसाद: √२ ची सिद्धता ब्राउवर यांनाही मान्य आहे

√२ अपरिमेय असल्याची सिद्धता डच गणितज्ञ ब्राउवर यांच्या अंतःप्रज्ञावादात (गणितात एखादी गोष्ट ‘आहे’ म्हणायला ती रचून दाखवावी लागते, या मतात) टिकत नाही, हे वरील प्रतिसादातील मत मला मान्य नाही. √२ = म/न असून म आणि न यांना सामाईक अवयव नाही असे मानले, तर म² = २न² यावरून म सम ठरतो, पाठोपाठ न सुद्धा सम ठरतो आणि विसंगती येते; येथे आपण गृहीताचा केवळ नकार सिद्ध केला, आणि नकाराचा अर्थच तेवढा असल्याने ब्राउवर यांची त्याला हरकत नाही. त्यांची हरकत आहे ती ‘नाही असे नाही’ यावरून थेट ‘आहे’ म्हणण्याला. लातूरला अकरावीच्या मुलांना शिकवताना हा फरक मी आवर्जून दाखवतो, कारण दोन्हींना सरसकट ‘अप्रत्यक्ष सिद्धता’च म्हटले जाते.

खरी अडचण पुढच्या उदाहरणात दिसते. अपरिमेय पायाचा अपरिमेय घात परिमेय येऊ शकतो का? √२ चा √२ वा घात परिमेय असेल तर काम झाले. नसेल तर त्याचाच पुन्हा √२ वा घात २ येतो. जोडी आहे हे कळले, कोणती ते मात्र कळले नाही, आणि ब्राउवर यांची हरकत नेमकी अशा सिद्धतेला आहे. गेलफाँड आणि श्नायडर या गणितज्ञांच्या १९३४ च्या प्रमेयाने दुसरा पर्याय खरा ठरतो, म्हणजे √२ चा √२ वा घात अपरिमेय आहे. पण एवढ्या जड साधनाची गरजच नाही, कारण पाया √२ आणि घातांक ९ चा दोन-पायी लॉगॅरिदम (२ चा जितवा घात ९ येतो ती संख्या; हीसुद्धा अपरिमेयच) घेतला की उत्तर सरळ ३ येते.